टकरीनंतर काय उरते?

दिवाळीचा फराळ आटोपला, पाहुणे स्थिरस्थावर झाले, की मराठी घरात माळ्यावरचा कॅरमबोर्ड खाली उतरतो. बोरिक पावडर भुरभुरली जाते, सोंगट्या मध्यभागी मांडल्या जातात आणि पहिल्याच फटक्याला त्या चहूकडे पांगतात. खेळणाऱ्याचे लक्ष राणीकडे असते, पाहणाऱ्यांचे खेळणाऱ्याच्या चुकांकडे. परंतु त्या एका फटक्यात जे काही घडते त्याचा हिशेब लावताना युरोपातल्या नामांकित विद्वानांची दोन शतके खर्ची पडली, त्यावरून मोठमोठ्यांचे रुसवेफुगवे झाले, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ती आज वाचकांना सांगावी असे मनात आहे.

मी काही विज्ञानाची पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मराठी शिकवते आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तथापि विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचा तास पुष्कळदा माझ्या वाट्याला येतो. त्या पुस्तकात एक ओळ आहे: वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग, आणि टकरीपूर्वीचा एकूण संवेग टकरीनंतरच्या एकूण संवेगाइतकाच असतो. मुले ती ओळ पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि दोन गुण मिळवून मोकळी होतात. मात्र कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला एवढ्याने स्वस्थता लाभत नाही. एवढ्या छोट्या ओळीमागे माणसे कोण होती, आणि ती भांडली कशावरून, हे कळल्याशिवाय त्या ओळीत जीव येत नाही.

भांडणाची सुरुवात एका फार मोठ्या माणसापासून झाली. फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्त याने १६४४ साली आपल्या तत्त्वज्ञानाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने मांडले की, परमेश्वराने विश्व निर्माण करताना त्यात जेवढी गती घातली तेवढीच तो कायम राखतो. एका वस्तूची गती कमी झाली तर दुसरीची वाढते; एकूण बेरीज तीच. आणि ही गती मोजायची कशी, तर वस्तूचा आकार गुणिले तिची चाल. कल्पना भव्य होती. जगात काहीतरी अक्षय आहे, ते आकड्यांत सांगता येते, हे धाडसाने म्हणण्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

पण पुढे देकार्तने टकरीचे सात नियम सांगितले, आणि तेथे गाडी घसरली. त्यांतला चौथा नियम पाहा. मोठी वस्तू स्वस्थ पडलेली असेल, तर तिच्याहून लहान वस्तू कितीही वेगाने येऊन आदळली तरी मोठीला ती तसूभरही हलवू शकत नाही. लहान वस्तू फक्त उलट फिरते. म्हणजे कॅरमच्या भाषेत बोलायचे तर, सोंगटी कितीही जोरात येऊन स्ट्रायकरवर आपटली तरी स्ट्रायकर ढिम्म! आमच्या आळीतले पाच वर्षांचे पोरदेखील हे ऐकून हसेल. देकार्तलाही ही अडचण दिसत नव्हती असे नाही. आपल्या भोवतालच्या वस्तू हवेसारख्या पदार्थांत बुडालेल्या असतात, म्हणून प्रत्यक्षात वेगळे दिसते, असा त्याचा खुलासा होता. थोर माणसाच्या चुकीला खुलासेही थोरच सुचतात.

ही चूक ज्याने पकडली तो देकार्तच्या स्नेह्याचा मुलगा होता. हॉलंडमधील कॉन्स्टंटाइन हायगेन्स हे मोठे दरबारी गृहस्थ आणि कवी; देकार्तशी त्यांचा घरोबा. त्यांचा मुलगा क्रिस्तियान १६२९ साली जन्मला आणि देकार्तच्या नावाचा दबदबा ऐकतच वाढला. पुढे याच मुलाने लंबकाचे घड्याळ केले आणि शनीच्या कड्याचे कोडे सोडवले. पण त्याच्या आधी, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास, त्याने देकार्तचे टकरीचे नियम तपासायला घेतले आणि पहिला सोडून बाकीचे सारे चुकीचे आहेत अशा निर्णयाला तो आला. त्याचे गणिताचे गुरू व्हान स्कूटेन देकार्तचे भक्त. या फंदात पडू नकोस, असेच त्यांचे सांगणे होते. मी स्वतः मास्तरकी करते, म्हणून गुरुजींची भीती मला समजते. हुशार विद्यार्थ्याने मोठ्यांच्या चुका काढाव्यात यापेक्षा त्याने आपले घर बांधावे, असे कोणत्या गुरूला वाटत नाही? पण या शिष्याने गुरूचा मान राखला आणि काम चालूच ठेवले.

हायगेन्सची युक्ती मोठी सुंदर आहे, आणि ती समजायला गणित लागत नाही. हॉलंड हा कालव्यांचा देश. संथ पाण्यावरून सरळ जाणाऱ्या नावेत आपण बसलो असता, नाव चालली आहे की उभी, हे बाहेर पाहिल्याशिवाय कळत नाही. हायगेन्सने अशा नावेत एक माणूस उभा केला आणि त्याच्या दोन्ही हातांत दोऱ्याने टांगलेला एकेक सारखा, टणक गोळा दिला. माणूस हात जवळ आणतो. गोळे सारख्या वेगाने समोरासमोर आदळतात आणि सारख्याच वेगाने परत फिरतात. एवढे तर देकार्तलाही मान्य होते. आता समजा, गोळ्यांचा जो वेग आहे त्याच वेगाने नाव पुढे चालली आहे, आणि काठावर दुसरा माणूस उभा राहून पाहतो आहे. त्याला काय दिसेल? नावेच्या उलट दिशेने येणारा गोळा त्याला जागीच थांबलेला दिसेल, कारण गोळा जितका मागे जातो तितकाच नाव त्याला पुढे नेते. दुसरा गोळा मात्र दुप्पट वेगाने जाताना दिसेल. टकरीनंतर उलट: धावणारा थांबला आणि थांबलेला धावू लागला! टक्कर एकच, फक्त पाहणारे दोन. तेव्हा एका सारख्या गोळ्याने दुसऱ्या स्थिर गोळ्याला समोरून धडक दिली, तर पहिल्याने आपली सारी गती दुसऱ्याला देऊन स्वतः थांबले पाहिजे.

गोट्या खेळलेल्या वाचकांना हे अनुभवाने ठाऊक असेल. पक्का नेम धरून मारलेली गोटी समोरच्या गोटीला ठोकते, ती दूर पळते आणि मारलेली तिच्या जागी जवळजवळ बसून राहते. कॅरममध्ये मात्र तसे होत नाही, कारण स्ट्रायकर सोंगटीपेक्षा जड असतो. समजा, स्ट्रायकर १५ ग्रॅमचा आणि सोंगटी ५ ग्रॅमची आहे. फटका अगदी सरळ बसला आणि टकरीत काही वाया गेले नाही, तर स्ट्रायकर निम्म्या वेगाने पुढे जातो आणि सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने पळते. गुणाकार करून पाहा. आधी १५ गुणिले १, म्हणजे १५. नंतर १५ गुणिले अर्धा आणि ५ गुणिले दीड, म्हणजे साडेसात अधिक साडेसात, पुन्हा १५.

हायगेन्सने हे सारे १६५६ सालापर्यंत लिहून काढले आणि चक्क पेटीत ठेवून दिले. १६६१ साली तो लंडनला गेला असता तेथल्या विद्वानांनी त्याला टकरीची उदाहरणे घातली आणि त्याने ती पटापट सोडवली. पण रीत काही सांगितली नाही. पुढे १६६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने या प्रश्नाचा निकाल लावायचे ठरवले. सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी तिघांकडे विचारणा केली. पहिला ऑक्सफर्डचा गणिती जॉन वॉलिस. अनंताचे आडवे आठासारखे चिन्ह प्रथम त्यानेच वापरले. दुसरा ख्रिस्तोफर रेन. १६६६ च्या आगीत जळालेले लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल पुन्हा उभारणारा वास्तुशिल्पी तो हाच. आणि तिसरा हायगेन्स. वॉलिसने मातीच्या गोळ्यांसारख्या, आदळून एकत्र चिकटणाऱ्या वस्तूंचा विचार केला; रेन आणि हायगेन्सने उसळून परतणाऱ्या टणक वस्तूंचा. तिघांनी आपापल्या घरी बसून लिहिले आणि उत्तरे जुळली.

आता गंमत पाहा. १६६९ च्या जानेवारीत सोसायटीच्या मासिकात वॉलिस आणि रेन यांचे लेख छापून आले, हायगेन्सचा वगळला गेला. ज्याने बारा-तेरा वर्षे आधी काम पुरे केले होते त्याचेच नाव गळले! हायगेन्स संतापला आणि त्याने मार्चमध्ये पॅरिसच्या नियतकालिकात आपले नियम प्रसिद्ध केले. मग लंडनकरांनी एप्रिलमध्ये त्याचा लेख खुलाशासह छापला. त्याचा मूळ ग्रंथ मात्र त्याच्या हयातीत निघाला नाही. तो १७०३ साली, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी प्रसिद्ध झाला. लिहून पेटीत ठेवण्याची सवय असलेल्या माझ्यासारख्या लेखकांनी यावरून काय तो बोध घ्यावा.

पण या साऱ्यांनी देकार्तच्या हिशेबात नेमकी दुरुस्ती केली ती कोणती? ती आहे एका वजाबाकीच्या चिन्हाची. देकार्त चाल मोजत होता. दिशा त्याने हिशेबाबाहेर ठेवली होती. हायगेन्सने सांगितले की, गतीची नुसती बेरीज टकरीत कमीजास्त होऊ शकते. पण एका दिशेची गती अधिक धरली आणि उलट दिशेची उणी धरली, तर ती बेरीज कधी बदलत नाही.

एकदा वर्गात मी हा धडा घेत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, मातीचे दोन सारखे गोळे समोरासमोर आपटले तर दोन्ही चिकटून थांबतात. मग त्यांची गती गेली कुठे?" प्रश्न लाख मोलाचा होता, आणि देकार्तपाशी याचे उत्तर नव्हते. उत्तराचा अर्धा भाग मी फळ्यावर बाण काढून दाखवला. एक बाण उजवीकडे, तेवढाच दुसरा डावीकडे. अधिक पाच, उणे पाच. टकरीआधीची बेरीज शून्य आणि नंतरचीही शून्य. दहा रुपये देणे आणि दहा रुपये येणे असलेल्या माणसाचे खाते फेडाफेड झाल्यावर शून्यावर येते. पण ते आधीही शून्यच होते. मुलीचे अर्धे समाधान झाले. "पण गोळे पळत होते ते पळत होते ना?" असे ती म्हणालीच. तिच्या उरलेल्या अर्ध्या प्रश्नाकडे आपल्याला परत यायचे आहे.

तत्पूर्वी न्यूटनला नमस्कार केला पाहिजे. १६८७ च्या आपल्या ग्रंथात त्याने रेन, वॉलिस आणि हायगेन्स या तिघांचीही नावे आदराने घेतली आणि स्वतः प्रयोगही केले. दहा फूट लांबीच्या दोऱ्यांना गोळे टांगून त्याने ते एकमेकांवर सोडले, हवेने होणारा अडथळा हिशेबात धरला आणि कोण किती परततो हे मोजले. घट्ट वळलेल्या लोकरीचे गोळे ज्या वेगाने एकमेकांजवळ येत त्याच्या पाच-नवमांश वेगाने दूर जात; काचेचे पंधरा-सोळांश वेगाने. पोलादाचे जवळजवळ पूर्ण, बुचाच्या लाकडाचे त्याहून थोडे कमी. पदार्थ कोणताही असो, दिशेसकट मोजलेली बेरीज मात्र बदलली नाही.

असे का व्हावे, याचे कारण न्यूटनने दिले. दोन वस्तू आदळतात तेव्हा त्या एकमेकींना सारख्याच बलाने, विरुद्ध दिशांना ढकलतात, आणि दोघींचा स्पर्श सारखाच वेळ टिकतो. बल आणि ते जितका वेळ लागले तो वेळ, यांच्या गुणाकाराला आज आपण आवेग म्हणतो. आणि जितका आवेग, तितकाच संवेगात फरक. एकीला जेवढा मिळाला तेवढाच दुसरीचा गेला. सासूसुनेच्या भांडणात बोलणी दोघींना सारखीच बसतात, पण जी वजनाने भारी असते ती कमी हलते, तशातलाच हा प्रकार.

हा आवेग घरोघर उपयोगी पडतो. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा असतो. तो सेकंदाला २० मीटर वेगाने येत असेल, आणि आपण हात ताठ ठेवून त्याला सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबवला, तर तळहातावर सुमारे ३२ किलो वजनाइतका भार क्षणभर पडतो. तेच हात मागे घेत घेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवला तर भार सव्वातीन किलोंच्या आसपास. थांबवायचा संवेग तोच. वेळ दहापट वाढवला म्हणून मार दहापट घटला. रत्नागिरीचा हापूस पेंढ्यात ठेवून पाठवणाऱ्या बागायतदाराने न्यूटन वाचलेला नसतो, पण आंब्याला आदळताना थोडा अधिक वेळ मिळाला पाहिजे हे त्याला पक्के ठाऊक असते.

असो. आता त्या मुलीच्या अर्ध्या प्रश्नाकडे वळू. १६८६ साली जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स याने देकार्तवर नवीच फिर्याद गुदरली. तो म्हणाला, गतीचे खरे मोल वस्तुमान गुणिले वेग असे नसून वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग असे आहे. या राशीला त्याने 'जिवंत शक्ती' असे नाव दिले. वेग दुप्पट केला तर दगड दुप्पट नव्हे, चौपट उंच चढतो, हा त्याचा आधार. झाले! सारा युरोप दोन पक्षांत विभागला. लायडनचे प्राध्यापक 'स ग्रावेसांडे यांनी १७२२ साली मऊ मातीत पितळी गोळे टाकून पाहिले. वेग दुप्पट झाला की खड्डा चौपट होई. म्हणजे लायब्निट्सची सरशी!

या वादात एका बाईने निर्भयपणे उडी घेतली, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. एमिली द्यू शातले ही फ्रेंच सरदार घराण्यातील विदुषी. १७४० साली तिने पदार्थविज्ञानावर पुस्तक लिहिले, तेही आपल्या मुलाला शिकवण्याच्या निमित्ताने, आणि त्यात लायब्निट्सची बाजू घेतली. पॅरिसच्या अकादमीचे चिटणीस मेराँ यांनी तिला छापील उत्तर दिले. तिनेही त्यांना तितकेच सडेतोड प्रत्युत्तर दिले. पुढे तिने न्यूटनच्या लॅटिन ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर हाती घेतले. गरोदरपणात रात्रंदिवस बसून ते तिने पुरे केले आणि १७४९ साली, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, बेचाळिसाव्या वर्षी ती वारली. भाषांतर १७५९ साली पूर्ण प्रसिद्ध झाले.

मग जिंकले कोण? दोघेही. आज 'जिवंत शक्ती'चा अर्धा भाग आपण गतिज ऊर्जा म्हणून ओळखतो. कॅरमच्या फटक्यासारख्या उसळत्या टकरीत संवेग टिकतो आणि ऊर्जाही जवळजवळ टिकते. ही दुसरी गोष्टसुद्धा हायगेन्सने १६६९ मध्येच लिहून ठेवली होती. मातीच्या गोळ्यांच्या टकरीत मात्र गतिज ऊर्जा नाहीशी झालेली दिसते. ती जाते कुठे, हे १८४० नंतरच्या दशकात इंग्रज संशोधक जूल याने उष्णता मोजून दाखवले. गोळे चेपतात, किंचित तापतात. त्यांचे पळणे त्यांच्या अंगातल्या उष्णतेत मुरते. मागच्या बाकावरच्या मुलीला पुरते उत्तर द्यायला देकार्तपासून मोजले तर दोनशे वर्षे लागली. तिला हे सांगितले तेव्हा तिचा चेहरा खुलला. आपला प्रश्न दोनशे वर्षे टिकला, याचा आनंद लहान नसतो.

हे ज्ञान नुसते पुस्तकात राहिले नाही. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. डोळ्याला न दिसणारी गोळी मोजायची कशी? त्याने एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगला आणि त्यावर गोळी झाडली. गोळी लाकडात रुतते, तिची बहुतेक ऊर्जा लाकूड फाडण्यात व तापवण्यात जाते; पण संवेग कुठे जाणार? तो जशाचा तसा ठोकळ्याला मिळतो. ठोकळा किती झुलला हे फितीने मोजले की उलटा हिशेब करून गोळीचा वेग निघतो. तो सेकंदाला १,६०० फुटांच्याही वर निघाला. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनियर म्हणून आपल्या देशात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

त्याहून नवल १९३२ सालचे. केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविक एका अज्ञात किरणाचा शोध घेत होता. त्या किरणातल्या कणांवर विद्युतभार नव्हता. ते दिसत नव्हते, पकडता येत नव्हते, तराजूत घालण्याचा तर प्रश्नच नव्हता. चॅडविकने ते हायड्रोजनच्या आणि नायट्रोजनच्या अणूंवर आदळू दिले आणि अणू किती वेगाने उडतात ते पाहिले. हायड्रोजनचे अणू सेकंदाला सुमारे ३३,००० किलोमीटर वेगाने उडाले, त्यांच्याहून चौदापट जड असलेले नायट्रोजनचे सुमारे ४,७०० किलोमीटरने. म्हणजे सातास एक. आता हिशेब कॅरमचाच: कोणत्या वजनाच्या स्ट्रायकरने मारले असता ५ ग्रॅमची सोंगटी ७० ग्रॅमच्या सोंगटीच्या सातपट वेगाने पळेल? उत्तर येते, सोंगटीपेक्षा किंचित जड. अर्थात तो अदृश्य कण जवळजवळ हायड्रोजनच्या अणूएवढाच भारी होता. त्याला आज आपण न्यूट्रॉन म्हणतो. १९३५ साली चॅडविकला त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

तराजूवाचून वजन करण्याची ही विद्या मिळाली ती कशामुळे? देकार्तने जगात काहीतरी टिकते असे म्हणण्याचे धाडस केले, आणि त्याच्या स्नेह्याच्या मुलाने त्यातली चूक सांगण्याचे. पहिल्या धाडसाचे आपण सण साजरे करतो. दुसऱ्याला मात्र घरात आणि शाळेत, "मोठ्यांना उलट बोलू नये," म्हणून गप्प बसवतो. यंदा बोर्डाभोवती बसलेल्या एखाद्या मुलाने वा मुलीने फटका मारता मारता आडवा प्रश्न विचारला, तर वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे: स्ट्रायकर त्याच्या हाती द्यावा आणि म्हणावे, "मारून दाखव, बघू या."